वच्छलाचा गंधार

वच्छलाचा आवाज कशानं बिघडला, याबद्दल नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या त्या गल्लीत ज्याचं त्याचं मत तयार होतं. शेजारची प्रेमिला म्हणायची, दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसते, छाती दबली तिची. समोरचा लहानू म्हणायचा, लोणचं बंद करा. पण सगळ्यांत वरचं मत तिच्या नवऱ्याचं, मनोहररावांचं. ते वस्तीच्या गायन मंडळाची पेटी वाजवायचे, त्यामुळे सुरांच्या बाबतीत त्यांच्यापुढे तोंड उघडायची कोणाची टाप नव्हती. ते म्हणायचे, "आवाजाले काही झालं नाही. बाकी सारे सूर बराबर लागते. एक गंधार तेवढा घसरते. ना कोमल, ना शुद्ध, मधातच लटकून राहते."

सा रे ग मधला तो ग. एवढासा सूर, पण त्यानं बाईची पार वाट लावली होती.

नाहीतर वच्छला म्हणजे त्या मंडळाची शान. छप्पन साली पांढरं लुगडं नेसून आईबापासोबत दीक्षेला गेली, तेव्हापासून गात होती. चौदा एप्रिलच्या जयंतीला माइकसमोर तीच उभी राहायची. इमामवाड्यातून, पाचपावलीतून लोक तिला ऐकायला यायचे. आणि एकोणऐंशीच्या जयंतीला, भर मांडवात, वरच्या पट्टीतली ओळ घेताना पेटी एक बोलली आणि वच्छलाचा गळा दुसरं बोलला. बरं, चुकलं आपलं, असं म्हणून बाईनं सावरून घ्यावं की नाही? तिनं मान वळवून नवऱ्याकडे असं बघितलं, की जणू त्यानंच भलतीच पट्टी दाबली. मनोहररावांनी तीच पट्टी आणखी जोरात दाबली. तिनं तोच सूर आणखी जोरात लावला. नवरा-बायको माइकवर भांडतात की काय म्हणून मांडवात जे हसू फुटलं, ते आवरता आवरेना.

पुढच्या वर्षी वच्छला मागच्या रांगेत गेली. त्याच्या पुढच्या वर्षी मनोहरराव अगदी प्रेमानं म्हणाले, "यंदा तू चहापाण्याचं पाह्यशीन काय वं? तुह्यासारखा चहा कोणाले जमत नाही." तेव्हापासून तिनं चारचौघांत गायचं नाही म्हणून कानाला खडा लावला. मशीन चालू असताना काय गुणगुणायची तेवढंच, कारण त्या खडखडाटात तिचं तिलाही पुरतं ऐकू येत नसे.

खरं कारण ना लोणचं होतं, ना मशीन. खरं कारण होतं वरच्या खोलीत, आणि ती खोली एकोणऐंशीच्या मार्चपासून रिकामी होती.

त्या काळी नागपुरात इराणी पोरं पुष्कळ शिकायला यायची. मानेवर रुळणारे केस, बेलबॉटम, बुडाखाली फटफटी. कोणी फार्मसीला, कोणी इंजिनिअरिंगला. घरमालक त्यांना दारातूनच वाटेला लावायचे. होशंग नावाचा असाच एक पंचाहत्तर साली वच्छलाच्या दारात उभा राहिला, तेव्हा चार वस्त्यांतून हाकललेला होता. त्याच्या एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात चादरीत गुंडाळलेलं तान्ह्या पोरासारखं काहीतरी. मनोहरराव खापरखेड्याच्या वीज केंद्रात, सोमवारी पहाटे जायचे ते शनिवारीच उगवायचे. घरात वच्छला आणि शाळेत जाणारी लेक जया. प्रेमिलानं कुंपणावरून हातवारे करून नको नको सांगितलं. पण खोली मागायला जावं आणि समोरच्यानं आधी जात विचारावी, मग खोली कालच गेली म्हणून सांगावं, हे वच्छलाच्या घरानं इतक्यांदा सोसलं होतं, की दारात आलेल्याला तसंच परत पाठवणं तिच्या जिवावर आलं.

"राह्य गा," ती म्हणाली. "पण ते चादरीत काय हाये ते पहिले दाखव."

चादरीतून निघाली ती सेतार. आपल्या सतारीची धाकटी बहीण म्हणा. तुतीच्या लाकडाचा वाटीएवढा भोपळा, वर बारीक लांब दांडी, आणि दांडीभर आतड्याच्या तातीचे पडदे बांधलेले. वच्छलाला वाटलं, पोरीबाळींचं खेळणं असेल. मग त्यानं तर्जनीच्या नखानं तार छेडली आणि इतका बारीक आवाज निघाला, की ऐकायला तिला जवळ सरकावं लागलं.

पुढली चार वर्षं रोज संध्याकाळी तेच. होशंग कॉलेजातून यायचा, जिन्याच्या मधल्या पायरीवर बसायचा आणि वाजवायचा. खाली वच्छला शाळेच्या पोरांचे निळे गणवेश शिवायची. सुरुवातीला ती ऐकण्यासाठी मशीन थांबवायची, तर हा वरून ओरडायचा, "वहिनी, मशीन काहून बंद केली? चालू रहने दो!" काहून हा त्याचा पहिला मराठी शब्द. त्याच्या काशान गावात त्याचे उस्ताद तांबटांच्या बाजारामागे राहायचे. दिवसभर हातोड्यांची ठोकठोक, आणि त्या ठोकठोकीत उस्ताद शिकवायचे. म्हणायचे, गोंगाटात ज्याला आपला सूर ऐकू येतो त्यालाच तो आला. मशीनच्या आवाजानं म्हणे होशंगला उस्तादांच्या घरी बसल्यासारखं वाटायचं. मग वच्छलानं मशीन थांबवणं सोडून दिलं.

बोलायचा मात्र खूप. अर्धं हिंदी, अर्धं नागपुरी. त्यांच्याकडे गाण्याची सात मोठी घरं आहेत, त्यांना दस्तगाह म्हणतात. प्रत्येक घरात लहान लहान खोल्या, म्हणजे चाली. शागिर्दानं आधी सगळी घरं खोल्यांसकट पाठ करायची, मग स्वतःचं काही वाजवायचं नाव घ्यायचं. लिहून घ्यायचं नाही. उस्तादाच्या छातीतून शागिर्दाच्या छातीत, असंच जायचं ते. उस्तादांनी टेप रेकॉर्डर घेऊन आलेल्या एका रेडिओवाल्याला सरबत पाजलं आणि दारातून परत पाठवलं होतं.

"म्हणजे पहिले कागदावर कापायचं, मग कपड्यावर," वच्छला म्हणायची.

"अगदी तसं, वहिनी!"

डोंगरातले कुर्द लोक भला मोठा डफ वाजवतात, हे ऐकून वच्छला म्हणाली, "डफ आमच्यातबी हाये, त्यात काय एवढं!" दक्षिणेला समुद्राकाठी चामड्याची पिशवी फुगवून वाजवतात, हे ऐकून ती आणि जया पोट धरून हसल्या. फार जुन्या काळी एका राजानं रयतेला रिझवायला हिंदुस्थानातून गाणारे-वाजवणारे हजारोंनी नेले, असं तिकडे सांगतात. त्यावर वच्छलानं विचारलं, "मंग वापस आणून देले का नाही?" होशंग म्हणाला, "मैं आया ना वापस." असं उत्तर दिल्यावर त्याला चहा मिळायचाच.

पण हसण्यावारी न नेलेल्या गोष्टीही होत्या. तिकडे एखादा राजा गाणाऱ्यांना दरबारात जवळ बसवायचा, आणि त्याच्या मागून आलेला त्यांना हुसकून लावायचा. हुसकलं, की गाणं घरात शिरायचं. सेतार लहान का? तर झग्याच्या बाहीत लपवता यावी म्हणून. आवाज एवढा बारीक का? भिंतीपलीकडच्याला कळू नये म्हणून. हे वच्छलाला समजावून सांगावं लागलं नाही. लपून गाणं म्हणजे काय, ते तिच्या आजीनं तिला सांगितलं होतं.

आणखी एक गोष्ट होती घोड्याची. एका राजाचा फार लाडका घोडा. तो मेला. पण राजानं आधीच सांगून ठेवलेलं, घोडा मेला असं जो कोणी म्हणेल त्याचं डोकं उडवीन. मग दरबारातल्या गवयानं वाद्य काढलं आणि असं काही वाजवलं, की राजाच म्हणाला, "माझा घोडा मेला की काय?" गवई म्हणाला, "हुजूर, आपणच म्हणालात." जयाला ही गोष्ट इतकी आवडली, की ती रोज सांगायला लावायची.

या सगळ्या गप्पा झाल्या, की होशंग शेवटी एकच चाल वाजवायचा. ती होती सेगाह नावाच्या घरातली. से म्हणजे तीन, गाह म्हणजे जागा. तिसरी जागा. त्या जागेचा पडदा दाखवून तो म्हणायचा, "वहिनी, हा उस्तादांनी स्वतःच्या हातानं बांधलाय. मी निघालो त्या दिवशी. प्रत्येक उस्तादाची तिसरी जागा वेगळी असते, सुताएवढी इकडे, सुताएवढी तिकडे. इस्फहानवाल्यांची वेगळी, तेहरानवाल्यांची वेगळी. ही आमच्या उस्तादांची." त्या पडद्यावर बोट ठेवून तो तार छेडायचा, तेव्हा वच्छलाला काय व्हायचं कोण जाणे. माहेरची आठवण यायची म्हणावं, तर माहेर दोन गल्ल्या सोडून होतं. तरी डोळ्यांत पाणी यायचं, आणि ती गणवेशाच्या बाहीला टाके घालत राहायची. सुरांची नावंगावं तिला ठाऊक नव्हती. पेटीवरून नवरा देईल तो सूर ती उचलायची, बस. हाही तिनं तसाच उचलला. कोणी सांगितलं नाही, शिकवलं नाही. मशीनच्या चाकासोबत तो गळ्यात बसला.

मग तिकडे देशात उलथापालथ झाली. रोज रेडिओला कान लावून बसलेला होशंग जेवेनासा झाला. मार्चमध्ये कॉलेजात त्याच्या बापाचा ट्रंककॉल आला, ताबडतोब निघ. आणि वाद्य आणू नकोस, हे वाद्य घेऊन फिरायचे दिवस नाहीत. शेवटची परीक्षा कशीबशी उरकून पोरगा निघाला. तारा सैल केल्या, सेतार वच्छलाच्या हातात दिली.

"वहिनी, सांभाळा. मी येईन."

"येशीन गा," ती म्हणाली. "नाही येऊन जाशीन कुठं?" आणि रिक्षा वळेपर्यंत दारात उभी राहिली. मग आत येऊन उरलेल्या निळ्या कापडाची तिनं सेतारीला खोळ शिवली. संध्याकाळी जिना सुनासुना वाटला, तेव्हा तिनं मशीन चालू केली आणि तीच चाल गुणगुणायला लागली. पुढल्याच महिन्यात जयंती होती.

तर असा बिघडला तो गंधार.

वर्षं गेली. तिकडे लढाई सुरू झाली. पत्र नाही, खबर नाही. जयाचं लग्न होऊन ती खाप्याला गेली. मनोहरराव निवृत्त होऊन घरी बसले, आणि घरी बसलेला माणूस स्वस्थ बसत नाही. जयाच्या बाळंतपणाला वच्छला खाप्याला गेली होती, त्या मे महिन्यात त्यांनी घरातली एकेक वस्तू दुरुस्त करायला काढली. पंखा झाला, पाट्याला टाकी लावून झाली, मग खोळीतून सेतार निघाली. नागपूरचा मे. ताती वाळून गेलेल्या, पडदे सैल, दांडीवर वाटेल तसे सरकलेले. मनोहररावांना फार वाईट वाटलं. परक्याची ठेव, तो पोरगा उद्या आला तर काय म्हणेल? चांगल्या मनाचा माणूस हो, त्यात शंकाच नाही. त्यांनी पेटी समोर घेतली आणि एकेक पडदा पेटीच्या पट्टीशी मिळवून पक्का बांधला. जे पडदे कुठल्याच पट्टीशी जुळेनात, ते शेजारच्या पडद्याला चिकटवून दिले. नंतर इतवारीतून पॉलिश आणून दांडी घासूनपुसून अशी चमकवली, की जुन्या पडद्यांचे वळ होते तेही गेले. वच्छला परत आली तेव्हा म्हणाले, "पाह्य, कशी चमकून राहिली!" तिनंही कौतुक केलं. तिला काय ठाऊक?

शहाऐंशीच्या डिसेंबरात एका दुपारी दारात ऑटो थांबला. उतरलेल्या माणसाचे केस कानाजवळ पांढरे झालेले. तो म्हणाला, "वहिनी, मशीन काहून बंद हाये?"

वच्छला धावत गेली ती चपलाही न घालता. म्हणाली, "किती वाळला गा तू!" आणि रडायला लागली. होशंगही रडला. मनोहररावांनी दोघांनाही घरात घेतलं, नाहीतर ती दोघं गल्लीतच उभी राहिली असती.

पदवीचं प्रमाणपत्र घ्यायला आलो होतो, असं तो म्हणाला. पण प्रमाणपत्र पोस्टानंही आलं असतं, हे त्यालाही माहीत होतं. चहा झाला तशी तो इकडेतिकडे बघायला लागला. वच्छलानं निळी खोळ आणून त्याच्या मांडीवर ठेवली.

त्यानं सेतार बाहेर काढली. चमक बघून क्षणभर थबकला, मग हसला. खिशातून नव्या तारांची पुडी काढून तारा चढवल्या, मिळवल्या. मिळवताना मान उजवीकडे कलती करत होता. म्हणाला, युद्धात इस्पितळात औषधं द्यायला होतो, जवळ बॉम्ब पडला, तेव्हापासून डाव्या कानात सतत शिटी वाजते. मग त्यानं ती चाल सुरू केली. तिसऱ्या जागेवर आला आणि थांबला.

पुन्हा सुरू केली, पुन्हा तिथंच थांबला. मान खाली, नख तारेवर. तिसऱ्यांदा त्यानं फक्त तेवढाच एक सूर छेडला. स्वच्छ, सरळ, पेटीतून निघाल्यासारखा गंधार. वच्छला नवऱ्याकडे बघायला लागली.

मनोहरराव आधी म्हणाले, "बराबर हाये नं? एकेक पडदा पेटीवर मिळवून..." मग ते त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्यानं आणखी एकदा तो सूर छेडला. मनोहररावांचा हात आपोआप कपाळाला गेला.

"माह्या हातून काहीतरी मेलं गा इथं," ते म्हणाले.

वच्छलाला तो राजा आठवला. होशंगलाही आठवला असावा, कारण तो हलकेच म्हणाला, "दादा, तुम्हीच म्हणालात." आणि तेही रागानं नाही. त्यानं सगळं सांगितलं. उस्ताद लढाईच्या दुसऱ्या हिवाळ्यात गेले. त्यांचं कसलंच रेकॉर्डिंग नाही. शागिर्द कोणी परदेशात, कोणी मातीत. त्यांचं वाद्य कोणी नेलं, पत्ता नाही. त्यांच्या हातचे बांधलेले पडदे उरले होते ते फक्त या सेतारीवर. "सात वर्षं मी वाजवलं नाही. कान असा झाला. वाटायचं, नागपूरला आहे ना, तिथं जाऊन बोट ठेवीन, मग सगळं आठवेल." त्यानं पडदा थोडा वर सरकवला, तार छेडली. थोडा खाली सरकवला. मान हलवली. पुन्हा सरकवला. शेवटी सेतार खोळीत घालायला लागला. "जाऊ द्या, दादा. तुम्ही तर जीव लावून केलं. दोष कोणाचाच नाही."

मनोहररावांना बसायला जागा असून ते उभेच राहिले.

सात वर्षांमागे ज्या सुरापायी मांडवात हसू झालं, ज्याच्यापायी वच्छला मागच्या रांगेत गेली आणि मग थेट चहाच्या पातेल्यापाशी, तो सूर आत बसून धडका मारत होता. पण तो खरा, की नवरा म्हणतो तसा घसरलेला? या पोरासमोर लावला आणि त्यानंही मान हलवली तर? तर मग गाणं कायमचं गेलं. आत्तापर्यंत निदान मशीनखाली लपवून तरी गाता येत होतं.

"थांब गा होशंगभाऊ," ती म्हणाली. "खालची तार वाजवत राह्य."

ती उठून मशीनवर बसली. सुईत धागा नव्हता, पायाखाली कापड नव्हतं. तिनं नुसतंच पायडल मारलं. चाक फिरलं, खडखड सुरू झाली. होशंगनं आश्चर्यानं बघितलं आणि तार छेडू लागला. वच्छलानं डोळे मिटले. जिना, निळे गणवेश, पाठीशी जया, वर बसलेला केसाळ पोरगा. तिनं चाल सुरू केली. शब्द नव्हतेच, नुसता आ. तिसरी जागा आली तशी ती त्या सुरावर गेली आणि तिथंच थांबून राहिली.

मनोहररावांचे डोळे सवयीनं बारीक झाले, तोंड वाकडं झालं. होशंग मात्र ताठ झाला. चांगला कान तिच्याकडे करून म्हणाला, "पुन्हा."

तिनं पुन्हा लावला.

"सोडू नका, वहिनी. धरून ठेवा."

तिनं धरून ठेवला. श्वास संपला की घ्यायची आणि परत तिथंच जायची. चाक फिरत होतं. होशंगनं पडदा केसाएवढा हलवला, छेडला, आणखी हलवला. एका क्षणी तार कोणती आणि गळा कोणता हे कळेना. त्यानं तात आवळली, गाठ मारली. वच्छलानं पाय थांबवला. तिनं आपली कापडाची कात्री पुढे केली आणि होशंगनं तातीचं उरलेलं टोक छाटलं.

मग त्यानं ती चाल पुरी वाजवली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठंही न थांबता. वच्छला ढसाढसा रडली आणि तिला त्याची लाजही वाटली नाही.

"उस्तादांचाच हाये का गा?" तिनं पदरानं डोळे पुसत विचारलं.

होशंगनं त्या पडद्यावर बोट ठेवलं. "खरं सांगू, वहिनी? उस्तादांचा की तुमचा, आता मला सांगता येणार नाही. इतकी वर्षं तुमच्या छातीत होता. काशानमध्ये माझ्याकडे तीन पोरं शिकायला यायची वाट बघून आहेत. त्यांना मी हाच शिकवीन." तो उठला आणि वच्छलाच्या पाया पडला. मग मनोहररावांच्याही पडला. हे मात्र त्यांना सोसलं नाही, ते घाईघाईनं आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं होशंग गेला. निळी खोळ त्यानं सेतारीवर तशीच राहू दिली, फक्त बाहेरून एक जाड लोकरी झगा गुंडाळून घेतला. वच्छलानं संत्री दिली, तिळाचे लाडू दिले. या वेळी ती रिक्षा वळेपर्यंत थांबली नाही. आत येऊन मशीनवर बसली आणि मोठ्यानं गायला लागली.

संध्याकाळी मनोहररावांनी फळीवरची पेटी खाली काढली. भाता सोडला, कोमल गंधाराची पट्टी दाबली. मग शुद्ध गंधाराची. पुन्हा कोमल, पुन्हा शुद्ध. मग दोन्ही एकदम दाबल्या, तशी पेटी किंचाळली. त्यांनी भाता बंद केला. वच्छला चुलीपाशी भाकरी थापत होती, तिनं वळूनही पाहिलं नाही.

"पेटीतच नाही वं तो," ते म्हणाले. "सात वर्षं मी पेटीतच धुंडून राह्यलो."

"अन् मी सहा जयंत्या चहा वाटून राह्यली," वच्छला म्हणाली. तिचा आवाज रागानं कापत होता, आणि तो राग तिला फार बरा वाटत होता. "या जयंतीले मी पुढं उभी राहीन. पेटीबिगर. चहाचं तुमी पाहा जी."

मनोहररावांनी पेटीवर खोळ चढवली, ती फळीवर नेऊन ठेवली, परत येऊन चुलीपाशी बसले. भाकरी फुगून उतरेपर्यंत बसून राहिले.

मग म्हणाले, "मांडवभर लोकांच्या चहाले साखर किती लागते वं?"